कोल्ड स्टोरेजमधला लॉगर झोपला तो उठेचना

इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला बटाट्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथे खोल्यांचं तापमान नोंदवणारे बॅटरीवरचे छोटे लॉगर आम्ही बसवलेत. तिथल्या मुनीमजींचा मे संपता संपता मला फोन आला, "भिया, ये तो फिर सो गया." आता लॉगरने झोपावं म्हणूनच आम्ही त्याच्यात एवढी मेहनत घातली होती, त्यामुळे पहिली प्रतिक्रिया चुकून "अरे वा" अशीच आली. मग ते म्हणाले की चाळीसमधले बारा झोपलेत आणि आता उठतच नाहीत, तेव्हा कुठे हसू थांबलं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये माझ्या एका मित्राचं छोटं युनिट आहे, त्याने हे लॉगर बनवले, चाळीस बसवले आणि ऐंशी स्टॉकमध्ये. फर्मवेअर, म्हणजे आतल्या चिपमधला प्रोग्राम, त्याच्याकडच्या एका पोराने लिहिला, नुकताच कॉलेजातून निघालेला, हुशार आहे, मला काका म्हणतो. मी महिन्यातून चार-पाच दिवस जाऊन बघायचं, असं ठरलेलं. माळव्यात बटाटा जानेवारी-फेब्रुवारीत निघतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोल्ड स्टोरेज भरतात, मग दिवाळीच्या आसपासपर्यंत तो आत. खायचा नि बियाण्याचा बटाटा ३ डिग्रीच्या आसपास ठेवतात, पण चिप्सवाल्यांचा १० ते १२ वर ठेवावा लागतो, कारण फार थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर चिप्स काळपट पडतात. तर कुठल्या खोलीत कधी किती डिग्री होती याची नोंद दाखवल्याशिवाय चिप्सवाला माल उचलत नाही. म्हणून लॉगर. या दोन खोल्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आत काय आहे तर एसटीएम३२एल४ जातीचा मायक्रोकंट्रोलर, त्यावर झेफर ही छोट्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टीम, आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, एसपीआय या दुसऱ्या जोडणीवर नोंदी ठेवायला फ्लॅश मेमरीची चिप, आणि लांब पोचणारा ८६५ मेगाहर्ट्झवाला लोरा रेडिओ. बॅटरी लिथियम थायोनिल क्लोराइडची एए साइज, ३.६ व्होल्ट, २६०० मिलिॲम्प-अवर, पुढे व्होल्टेज ३.३ वर धरून ठेवणारा रेग्युलेटर. दर १० मिनिटांनी उठायचं, दोन सेकंद काम करायचं, अर्ध्या तासाला एकदा रेडिओवर पाठवायचं, बाकी वेळ स्टॉप-टू या गाढ झोपेच्या मोडमध्ये पडून राहायचं. पोराचा हिशोब असा होता: उठलेला असताना ८ मिलिॲम्प म्हणजे सरासरी २७ मायक्रोॲम्प, रेडिओचे १३-१४, झोपेतले ५. एकूण ४५ च्या आसपास. कागदावर बॅटरी सहा वर्षं, आपण निम्मी धरू, तीन वर्षं तर कुठे गेली नाहीत.

गेले नव्वद दिवस.

नव्वद दिवसांत २६०० संपले म्हणजे सरासरी १.२ मिलिॲम्प, ४५ मायक्रोच्या जागी. मी विचारलं झोपेतला करंट मोजला होतास का, म्हणाला हो काका, दीड-दोन मिलिॲम्प येत होता पण तो डिबगरमुळे, म्हणजे कोड तपासायला चिपला जोडतात त्या उपकरणामुळे. इथेच मी कपाळाला हात लावला, कारण पोरगं अर्धं बरोबर होतं आणि ते जास्त वाईट. डिबगर जोडलेला असला की एसटीएम३२ मध्ये डिबगचा एक बिट लागतो जो स्टॉप मोडमध्येसुद्धा आतलं क्लॉक चालू ठेवतो, चिप झोपल्याचं नाटक करते आणि करंट खरंच मिलिॲम्पमध्ये दिसतो. त्याने हे कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे जो काही जास्तीचा करंट दिसला तो सगळा डिबगरच्या खात्यावर टाकला आणि फाइल बंद. बरं डिबगर काढून साध्या मल्टिमीटरने मोजायला गेलं तर दुसरी पंचाईत, मायक्रोॲम्पच्या रेंजमध्ये मीटरचा आतला शंट, म्हणजे करंट मोजायचा रेझिस्टर, एवढा मोठा असतो की रेडिओने १२० मिलिॲम्प ओढले रे ओढले की सगळं व्होल्टेज शंटवरच पडतं आणि बोर्ड रीसेट. त्याला वाटलं मीटर खराब आहे. शेवटी आम्ही पॉवर प्रोफायलर नावाचं करंट मोजायचं यंत्र आणलं, ते २०० नॅनोॲम्पपासून १ ॲम्पपर्यंत रेंज आपोआप बदलत मोजतं, डिबगरची केबल उपटली, आणि स्क्रीनवर झोपेची सरळ रेघ आली. १.१७ मिलिॲम्प.

आता बघा, ही रेघ एकदम सपाट होती. मध्येमध्ये उठून बसतोय, टायमर वाजतोय, असं असतं तर काटे दिसले असते. सपाट रेघ म्हणजे सॉफ्टवेअर शहाण्यासारखं झोपलंय आणि कुठेतरी नळ उघडा आहे. मी त्याला म्हटलं कोड बंद कर, मीटर व्होल्टवर लाव आणि झोपलेल्या बोर्डाच्या एकेका पिनवर ठेवत जा. चौथ्या-पाचव्या पिनवर सापडलं. आयटूसीच्या दोन तारा म्हणजे एसडीए आणि एससीएल; सेन्सरच्या एसडीएवर ०.६ व्होल्ट, एससीएलवरही ०.६. निवांत बसलेली आयटूसीची लाइन ३.३ वर असायला हवी, किंवा सगळंच बंद असेल तर शून्यावर. ०.६ हा आकडा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला झोपेतही ओळखू येतो, तो डायोडचा आहे, करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या भागाचा, वाहताना त्याच्यावर एवढं व्होल्टेज पडतं.

झालं होतं असं की पोराने सेन्सरच्या सप्लायवर एक लोड स्विच (वीज चालू-बंद करणारी चिप) टाकला होता आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे सेन्सर चालवणाऱ्या कोडच्या, सस्पेंडमध्ये झोपताना तो बंद करत होता, वीज वाचवायला. पण आयटूसीचे दोन्ही पुलअप, म्हणजे लाइन वर ओढून धरणारे ४.७ किलोओहमचे रेझिस्टर, कायम चालू असणाऱ्या ३.३ ला बांधलेले. म्हणजे सेन्सर मेलेला, त्याची सप्लाय रेल (वीज पुरवणारी लाइन) लोड स्विचने जमिनीवर ओढून ठेवलेली, आणि वरून पुलअपमधून करंट येतोय तो सेन्सरच्या पिनवरच्या संरक्षक डायोडमधून त्या मेलेल्या रेलमध्ये वाहतोय. ३.३ वजा ०.६ म्हणजे २.७, भागिले ४.७ किलो, एका लाइनचे ०.५७ मिलिॲम्प, दोन लाइनींचे १.१५. उरलेले वीसेक मायक्रोॲम्प फ्लॅशचे नि किरकोळ. हिशोब मीटरशी इतका चपखल बसला की चहा मागवला.

आणि गंमत म्हणजे असले डिजिटल सेन्सर मोजमाप करत नसताना एक मायक्रोॲम्पसुद्धा धड खात नाहीत. स्विच नसताच तर काही प्रॉब्लेमच नव्हता. एक मायक्रो वाचवायला हजारावर मायक्रो घालवत होतो आपण! मित्राला हे पटायला दोन दिवस लागले, तो म्हणे बंद केलेली वस्तू चालू वस्तूपेक्षा जास्त कशी खाईल, मी म्हटलं अरे बंद कुठे आहे, मागच्या दाराने जेवतेय ती.

ड्रायव्हरचा कोड उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला विचाराल तर खरी चूक तीच. झेफरमध्ये डिव्हाइसला चार वेगळे निरोप येतात: सस्पेंड, रिझ्यूम, टर्न ऑफ आणि टर्न ऑन. सस्पेंड-रिझ्यूमचा अर्थ असा की चिपची वीज चालू आहे, तिने फक्त कमी खायचं, आणि उठवल्यावर जिथे होती तिथून पुढे. टर्न ऑफ म्हणजे वीजच गेली, परत आल्यावर सगळं पहिल्यापासून, कॉन्फिगरेशनसकट. पोराने सस्पेंडमध्ये टर्न ऑफचं काम केलं, आणि रिझ्यूममध्ये मात्र वीज देऊन लगेच सेन्सर वाचायला घेतला, जणू तो जागाच होता. सेन्सरला जागं व्हायला मिलिसेकंदभर लागतं, त्यामुळे पहिलं वाचन फसायचं. मग त्याने रिझ्यूममध्ये १० मिलिसेकंदांची स्लीप टाकली. पण सिस्टीम स्वतःच डिव्हाइसेसना झोपवते-उठवते त्या पद्धतीत हे कॉलबॅक, म्हणजे या निरोपांवर चालणारी फंक्शनं, आयडल थ्रेडमधून, म्हणजे दुसरं काही काम नसताना चालणाऱ्या थ्रेडमधून चालतात, आणि आयडल थ्रेडला झोपायची परवानगीच नाही, तो झोपला तर मागे चालवायला उरलं कोण? तिथे बोर्ड क्रॅश. मग स्लीप काढली आणि तीनदा प्रयत्न करणारा लूप आला. प्रत्येक ठिगळ आपापल्या जागी बरोबर दिसत होतं आणि एकाही ठिगळाने त्याला विचारलं नाही की बाबा तू वीज का घालवतोयस.

बोर्ड तर छापून झाले होते, पुलअप हलवणं शक्य नव्हतं. तेव्हा फर्मवेअरमध्ये लोड स्विच बूटलाच, म्हणजे चिप सुरू होतानाच, चालू करून ठेवला, सेन्सरचा सस्पेंड रिकामा केला, लूप उडवला. झोपेचा करंट १.१७ मिलिॲम्पवरून १४ मायक्रोॲम्पवर आला. त्यातले दहा फ्लॅश नुसती बसून खात होती, तिला हेक्स बी-नाइन कमांड दिली की ती डीप पॉवर-डाउन या गाढ झोपेत जाते आणि एक मायक्रोच्याही खाली येते. हे पोराने रात्रीतून केलं, त्याच्या स्वतःच्या फ्लॅश ड्रायव्हरमध्ये, सस्पेंडला बी-नाइन, रिझ्यूमला उठवायची एबी कमांड. सकाळी रेघ ४ मायक्रोॲम्पवर. छप्पन दुकानला जाऊन पोहे खाल्ले त्या दिवशी, वर जिरावण मसाला जास्त मारून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चाळीसही लॉगरमध्ये नवं फर्मवेअर आणि नव्या बॅटऱ्या.

इथवरचं प्रकरण कुणालाही सापडलं असतं. आता पुढचं.

जुलै मजेत गेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत मुनीमजी, परत तेच वाक्य. या वेळी नऊ झोपले होते. बॅटऱ्या तपासल्या तर सगळ्या भरलेल्या! आणि मुनीमजींचं म्हणणं की बॅटरी काढून घातली की कधी चालू होतो, कधी नाही होत. पोरगा गेला, त्याने एकावर रीसेटचं बटण दाबलं, काही नाही. पाचदा दाबलं. काही नाही. बॅटरी काढली, पुसली, घातली, तरी काही नाही. दुसऱ्याची बॅटरी काढली तेवढ्यात घरून फोन आला, बोलत बोलत बाहेर गेला, परत येऊन घातली तर लॉगर टुणकन चालू. मला फोनवर सांगत होता, काका यात काही लॉजिकच नाही.

लॉजिक होतं. रीसेट बटणाने मायक्रोकंट्रोलर कोरा होतो. त्याने ठीक होत नाही पण वीज पूर्ण घालवल्यावर ठीक होतं, याचा अर्थ जी गोष्ट अडकलीय ती मायक्रोकंट्रोलरच्या बाहेर आहे. आणि बॅटरी काढल्याबरोबर वीज जात नाही, कारण आता आपण शहाणे झालोत, ४ मायक्रोॲम्पच खातोय, रेग्युलेटरच्या पुढे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसलाय, तो एवढ्याशा खाण्यावर मिनिटभर सहज तग धरतो. झटकन काढून घातली तर बाहेरच्या चिपला काही कळतच नाही. घरच्या फोनने नेमकं ते मिनिट मिळवून दिलं.

बाहेरची चिप म्हणजे फ्लॅश. डीप पॉवर-डाउनमध्ये ती एबी सोडून एकही कमांड ऐकत नाही. आणि बूटला ड्रायव्हर सगळ्यात आधी काय विचारतो तर तुझा आयडी सांग. फ्लॅश झोपलेली, उत्तर एफएफ एफएफ एफएफ, म्हणजे कुणी बोललंच नाही, ड्रायव्हर म्हणतो फ्लॅशच नाहीये, इनिट (सुरुवातीची जुळणी) फेल, मेन फंक्शन एरर देऊन बाहेर पडतं, आणि सिस्टीमला काही कामच उरत नाही म्हणून ती शांतपणे झोपते. कायमची. एबी होती फक्त रिझ्यूममध्ये, आणि रिझ्यूम तोच होतो जो सस्पेंड होऊन नीट परत येतो. मध्ये रीसेट झाला तर रिझ्यूम नाहीच, थेट बूट. झेफरच्या स्वतःच्या एसपीआय-नॉर या फ्लॅश ड्रायव्हरमध्ये डिव्हाइस-ट्रीत (बोर्डावर काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइलीत) डीप पॉवर-डाउन आहे असं सांगितलं की तो आयडी विचारायच्या आधी उठवतो, त्या ओळीवर कॉमेंटपण आहे. पोराने तो ड्रायव्हर "फार मोठा आहे" म्हणून वापरला नव्हता. मोठा का असतो ते आता कळलं.

पण रीसेट होतंय कशाने? कोड अडकला की चिप रीसेट करणारा वॉचडॉग नव्हता, त्याची नोंद आली असती. चिपच्या बॅकअप रजिस्टरमध्ये, म्हणजे रीसेटनंतरही टिकणाऱ्या जागेत, रीसेटचं कारण लिहायला लावलं आणि पुढचे दोन मेलेले लॉगर आणून वाचले. ब्राउन-आउट. व्होल्टेज २.८ च्या खाली गेलं म्हणून चिपने स्वतःला रीसेट केलं. भरलेल्या बॅटरीवर!

तेव्हा पोराने लॉगर कुठे बसवलेत त्याची वही काढून दाखवली, आणि हे त्याचं श्रेय, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मेलेले सगळे ३ डिग्रीच्या खोलीतले. चिप्सवाल्या खोलीतला एकही नाही.

थायोनिल क्लोराइडच्या बॅटरीत लिथियमवर क्लोराइडचा एक पातळ थर जमतो, पॅसिव्हेशन म्हणतात. तो चांगला आहे, त्याच्यामुळेच ही बॅटरी वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली तरी उतरत नाही. पण करंट फार कमी ओढत राहिलं तर थर जाड होतो, आणि मग एकदम मोठा करंट मागितला की पहिल्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, थर फुटला की परत वर येतं. थंडीत हे कोसळणं आणखी वाईट. आमचा रेडिओ पूर्ण ताकदीवर १२० मिलिॲम्प मागत होता, जाड भिंतींतून पोचायला पाहिजे म्हणून.

आता मेपर्यंत हा प्रॉब्लेम का नव्हता ते बघा. मेपर्यंत १.१७ मिलिॲम्पची गळती होती, ती दिवसरात्र त्या थराला खरवडत होती. आम्ही गळती बंद केली आणि थराला जमायला मोकळीक मिळाली. त्यात फ्लॅशला झोपवायला शिकवलं तेही त्याच आठवड्यात. क्रम असा होता की नोंद लिहायची, फ्लॅश झोपवायची, मग रेडिओ. रेडिओने ओढलं, व्होल्टेज २.७५ ला टेकलं, २.८ वाला मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला, पण फ्लॅशला २.७५ म्हणजे काहीच नाही, ती गाढ झोपेत. जूनमधल्या आमच्या दोन दुरुस्त्यांपैकी एकच केली असती तर? फक्त गळती थांबवली असती तर रीसेट झाला असता पण लॉगर परत उठला असता, आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

सिद्ध करायचं होतं. टेबलावर इंदूरच्या ऑगस्टमध्ये काही होत नव्हतं, कारण खोलीत २८ डिग्री आणि बॅटरी नवी. मग जुन्या बॅटरीसकट एक लॉगर माझ्या घरच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दाराच्या रबरातून स्कोपची, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राची, वायर बाहेर. पाठवणं चार दिवस बंद ठेवलं, नुसतं झोपू दिलं. दार नीट लागत नाही म्हणून बायकोने आणि कोथिंबीर सुकली म्हणून आईने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पाचव्या दिवशी एकदाच पाठवायला लावलं. स्कोपवर व्होल्टेजचा खड्डा अगदी स्वच्छ, तळ २.७४, आणि लॉगर मेला. दार उघडून रीसेट दाबलं, मेलेलाच. हातातल्या नव्या फर्मवेअरच्या बोर्डाला तीच बॅटरी लावली, खड्डा तोच, रीसेट तोच, पण बूटला आधी एबी, मग आयडी, आणि दोन सेकंदांत नोंद सुरू.

दुरुस्ती शेवटी तीन ठिकाणी झाली. फ्लॅशच्या इनिटमध्ये काहीही विचारायच्या आधी एबी, झोपलेली असो नसो, जागी असेल तर तिला काही फरक पडत नाही. इनिट फेल झालं तर मेनमधून बाहेर न पडता मिनिटाने परत प्रयत्न. आणि रेडिओने पाठवायच्या आधी एक सेकंद रिसीव्ह मोडमध्ये बसायचं, तिथे तो १०-१२ मिलिॲम्प खातो, तेवढ्याने थर बऱ्यापैकी फुटतो आणि मग मोठा घास घ्यायचा. याचा खर्च सरासरी ६ मायक्रोॲम्प. शिवाय जिथे गेटवे, म्हणजे लॉगरचे निरोप गोळा करणारा डबा, जवळ आहे तिथे रेडिओची ताकद २० डीबीएमवरून १४ वर. बॅटरीला समांतर मोठा कपॅसिटर हा खरा इलाज, पण तो पुढच्या बोर्डात.

पोराच्या टेबलावर आता एक रिले (विजेवर चालणारा स्विच) आहे, तो रात्रभर लॉगरला वाटेल तेव्हा रीसेट करतो, झोपेत, अर्धवट झोपेत, फ्लॅशवर लिहिताना. पहिल्याच रात्री त्यात आणखी एक सापडलं, लिहिता लिहिता रीसेट झाला की शेवटची नोंद अर्धी राहते, त्याचं काम चालू आहे. दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या झाल्या, ऑगस्टनंतर मुनीमजींचा फोन एकदाच आला तो पेमेंट मिळालं का विचारायला.

पुढच्या बोर्डाचा स्केमॅटिक (सर्किटचा नकाशा) परवा बघायला आला. पुलअप बरोबर स्विचच्या पुढे नेलेत, कपॅसिटर घातलाय. लोड स्विच मात्र तसाच आहे. मी विचारलं हा कशाला, तर म्हणे राहू द्या ना काका, कधी लागला तर.